सुवासाच्या हाती राखण

वसईत सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादक, रसायनतज्ज्ञ आणि बागायतदार परिषदेसाठी जमले आहेत. दादरच्या फुलबाजारात भल्या पहाटे मोगरा आणि सोनचाफा पोहोचवणारा हा पट्टा. तेव्हा गजऱ्यांना तोटा नाही.

परिषदेचा विषय मात्र सुगंधी तेलांनी क्रीम-लोशन टिकवण्याचा आहे, आणि तिथे मोगरा उपयोगाचा नाही. वाफेच्या भट्टीत या फुलाचा वास टिकत नाही. द्रावकाने काढलेला अर्क एवढा महाग, की राखणीला ठेवणे परवडू नये. राखणीचे काम उग्र वासाच्या तेलांचे: लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, खानदेशी रोशा गवतात जिरॅनिऑल. वसईकरांनी पाहावे ते पानवेलीकडे. विड्याच्या पानाच्या तेलात युजेनॉलच्या जातकुळीची फिनॉले सापडतात. काही जातींत सॅफ्रोलही निघते आणि युरोपात त्यावर कडक मर्यादा आहे. म्हणजे आधी तेलाचे पृथक्करण, मग लागवडीची स्वप्ने.

खरी गोम पाण्यात आहे. लोशनमध्ये बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणीच असते. जंतू वाढतात पाण्यात, तेल त्यात जेमतेम विरघळते, आणि उरलेसुरले इमल्सिफायर स्वतःकडे ओढून घेतो. मात्रा वाढवावी, तर 100 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम लवंगतेलानेही डोके उठते, नाजूक कातडी चुरचुरते. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे जाहिरातीत ठीक. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात युजेनॉल किंवा जिरॅनिऑल 0.001 टक्क्याच्या वर गेले, की युरोपात त्याचे नाव लेबलवर छापावेच लागते.

निकाल लावते ती आयएसओ 11930 ही चाचणी. तयार मालात मुद्दाम जंतू सोडतात: स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा आणि एक बुरशी. कडक निकषानुसार सातव्या दिवशी हजार जिवाणूंमागे फार तर एक उरावा, आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत संख्या पुन्हा वाढू नये. स्यूडोमोनास भारी चिवट. त्याच्यापुढे नुसते तेल सहसा हात टेकते. मग सामू उतरवायचा, धातू बांधणारे ईडीटीए घालायचे, उघड्या बरणीऐवजी पंपाची बाटली घ्यायची. एवढी कुमक मिळाली, की थोडक्या तेलातही भागू शकते.

वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांतल्या छोट्या उत्पादकाला प्रत्येक नमुन्याची अशी चाचणी एकट्याने झेपणे अवघड. जंतुचाचणीची सामाईक प्रयोगशाळा इथेच उभी करता येईल का, यावर दुपारच्या सत्रात मोकळेपणाने बोलावे, अशी स्वागत समितीची पाहुण्यांना विनंती आहे.