वसाहतीचे चित्रीकरण आणि आपली जबाबदारी



आजचा आमचा विषय आहे वसाहतीचे चित्रीकरण. सरकारने किंवा सरकारी संस्थेने बांधलेल्या घरांत जी माणसे वर्षानुवर्षे राहतात, त्यांचे जगणे चित्रपटात कसे धरावे आणि ते कोणी धरावे, याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आज खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या खिशातही चित्रीकरण करू शकणारा मोबाईल आहे. साधन हाती आले आहे. त्याचा उपयोग कशासाठी करायचा, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आपल्या समाजाचे सरकारी वसाहतींशी जुने नाते आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि त्यानंतर १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच बी.आय.टी., स्थापन झाले. या संस्थेने बांधलेल्या परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे राहिले. कोलंबिया विद्यापीठाची आणि लंडनची विद्या संपादन केलेला माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी राहून अभ्यास करीत होता. त्या चाळीचा व्हरांडा, तिथला सार्वजनिक नळ, कंदिलाच्या उजेडातले वाचन हे सारे आज आपल्याला चरित्रग्रंथांतून आणि लोकांनी सांगितलेल्या आठवणींतून समजून घ्यावे लागते. शेजारच्या खोलीतल्या बाईचा आवाज कसा होता, संध्याकाळी जिन्यावर कोण बसत असे, हे सांगणारी माणसे आता राहिली नाहीत.

त्यानंतर आल्या बी.डी.डी. चाळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ इमारती उभ्या केल्या. एका इमारतीत तळमजला धरून चार मजले आणि ८० खोल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि शौचालये सामाईक. एवढ्या जागेत तीन-तीन पिढ्या वाढल्या. गावाहून आलेला भाचा, पुतण्या, जावई त्याच खोलीत सामावला. तिथे भजनी मंडळे होती, कबड्डीचे संघ होते, आंबेडकरी जलसे होते, कम्युनिस्टांच्या शाखा होत्या. परंतु बाहेरच्या वाचकाला वरळीच्या चाळी प्रामुख्याने ठाऊक झाल्या त्या जानेवारी १९७४ च्या दंगलीमुळे. दलित पँथरची सभा उधळली गेली, दगडफेक झाली, पोलीस आले आणि मग छायाचित्रकारही आले. दंगल शमली आणि छायाचित्रकार निघून गेले. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या ८० खोल्यांत काय चालत होते, ते टिपण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता तर त्या चाळीही जात आहेत. म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. माणसाला मोठे घर, स्वतःचे शौचालय मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. जुन्या चाळीच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनी सामाईक शौचालयासमोरची रांगही आठवावी. तथापि ज्या व्हरांड्याने शंभर वर्षे शेजारधर्म सांभाळला, तो व्हरांडा उंच इमारतीत नसतो. म्हणून घर पडण्यापूर्वी त्याचे चित्रण झाले पाहिजे.

मित्रांनो, हे काम जगात इतरत्र झालेले आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा माहितीपट निघाला. लंडनच्या स्टेपनी भागातील गरीब रहिवासी त्यात स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून ढेकूण, उंदीर, ओल यांविषयी बोलले. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. मात्र त्या चित्रपटाचा खर्च गॅस व्यवसायाने केला होता आणि नव्या घरांतून गॅसच्या शेगड्या जाणार होत्या, हेही लक्षात ठेवावे. पैसा कोणाचा आणि हेतू कोणता, हे प्रत्येक चित्रपटाबाबत विचारलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. शिकागो शहरात कृष्णवर्णीयांसाठी बांधलेली एक सरकारी वसाहत १९४१ साली सुरू झाली. लिंचिंगविरुद्ध निर्भयपणे लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांचे नाव तिला दिले होते. दिग्दर्शक फ्रेडरिक वाइझमन यांनी या वसाहतीवर 'पब्लिक हाउसिंग' हा तीन तासांहून मोठा चित्रपट काढला. तो १९९७ साली आला. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. रहिवासी समितीची अध्यक्षा एका तरुणीला घर मिळावे म्हणून फोनवर अधिकाऱ्याशी वाद घालते. एक म्हातारी आपल्या स्वयंपाकघरात सावकाश कोबी निवडत बसते. झुरळे मारणारा माणूस दारोदार फिरतो. पोलीस तरुणांना हटकतात. दिग्दर्शक काही शिकवत नाही, आपण पाहत राहतो, आणि त्या वसाहतीचा स्वभाव हळूहळू उमगतो. पुढे २०११ पर्यंत ती सगळी वसाहत पाडून टाकण्यात आली. घरे गेली, चित्रपट राहिला.

आपल्याकडे आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' २०११ साली आला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा बांधव गेले. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. हा चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. रमाबाई नगर ही सरकारने बांधलेली वसाहत नव्हे, पण आपल्या विषयाला ते उदाहरण लागू पडते. जमाव टँकर पेटविणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे सांगण्यात आले होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. वस्तीविषयी सरकारी बाजू एक गोष्ट सांगते तेव्हा वस्तीजवळ स्वतःचा पुरावा असावा लागतो, हा त्यातला धडा आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. १९७० च्या दशकात सिडकोकडे नवीन औरंगाबादचे काम आले आणि एन-१, एन-२ अशा क्रमांकांची घरे उभी राहू लागली. माणसांच्या वस्तीला नाव मिळण्याऐवजी क्रमांक मिळाला. लोकांनी मात्र चौकांना, गल्ल्यांना, विहारांना आपली नावे दिली. सिडको-हडको हे जोडनाव तर बोलण्यात पक्के बसले. २००६ साली सिडकोची वसाहत महानगरपालिकेकडे गेली. शहराचे नावही २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. या काळात एका खोलीच्या घरावर माडी चढली, लोखंडी जिना आला, अंगणात दुकान निघाले. मूळ घर आणि वाढवलेले घर शेजारी शेजारी दाखविले तर एका कुटुंबाचा पन्नास वर्षांचा इतिहास न बोलता कळतो. बाप चिकलठाणा किंवा वाळूजच्या कंपनीत पाळीवर गेला, आईने शिवणकाम केले, मुलगी नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकली. हा इतिहास कागदोपत्री कोठेही सापडणार नाही.

तेव्हा चित्रीकरण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आमच्या काही सूचना आहेत. पहिले काही दिवस मोबाईल खिशातच राहू द्या. आधी घरी जा, चहा घ्या, ऐका. जयंतीची मिरवणूक सगळेच टिपतात. तुम्ही जयंतीची वर्गणी मागतानाची बैठक टिपा. पाणी सुटण्याचा दिवस टिपा. आपल्या शहरात गेली कित्येक वर्षे पाणी काही दिवसांआड येत आले आहे. त्या दिवशी गल्लीत मोटारींचा आवाज, नळ्यांची ओढाताण, भांडण आणि शेजारच्या आजारी आजीची टाकी आधी भरून देणारी बाई, हे सगळे एका तासात दिसते. पहाटेची कंपनीची बस टिपा. दुपारी ओट्यावर लसूण सोलीत बसलेल्या बायांचे बोलणे टिपा, पण त्यांना विचारून. नको म्हटले तर नको. आवाज नीट घ्या, कारण वसाहत डोळ्यांइतकीच कानांनी ओळखता येते. तारीख, जागा लिहून ठेवा. एक प्रत मंडळाच्या वाचनालयात आणि एक प्रत त्या कुटुंबाकडे द्या.

एक अडचणीचा प्रश्न उरतो. वस्तीतले दारूचे दुकान, बेकार पोरांची टोळकी, शेजाऱ्याची भिंत वाढविण्यावरून चाललेला दावा दाखवायचा की नाही? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आधीच आपली बदनामी काय थोडी आहे? ही भावना आम्ही समजू शकतो. बाहेरच्यांनी कायम आपले दोषच दाखविले. पण त्याला उत्तर म्हणून आपण नुसते हारतुरे दाखविले, तर आपलीच मुले त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. दारूचे दुकान दाखवा, आणि ते बंद व्हावे म्हणून अर्ज घेऊन फिरणाऱ्या महिला असतील तर त्याही दाखवा. दोन्ही मिळून वस्ती होते. आणि चित्रपट तयार झाला की पहिला खेळ त्याच गल्लीत, पडदा बांधून लावा. ज्यांचे जगणे आहे त्यांना बोलू द्या, चुका काढू द्या.

बंधू-भगिनींनो, सिडकोच्या पहिल्या घरांची चावी ज्यांनी घेतली ते आता ऐंशीच्या घरात आहेत. रिकाम्या माळावर पहिली रात्र कशी गेली, दिवा कधी आला, शेजारी कोण कोणत्या जातीचे होते आणि त्यांनी पाणी दिले की नाही, हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याकडे जायला फार दिवस उरलेले नाहीत. तरुणांनी येत्या सुट्टीतच एका गल्लीपासून सुरुवात करावी आणि मंडळाने त्यांना एक खोली, एक कपाट व थोडा खर्च द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम!