तिथी, घटिका आणि मुहूर्त



तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे होत. यांपैकी श्रावकाचा नित्य संबंध येतो तो तिथीशी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करावी, उपवास-आयंबिल करावे, हे संस्कार घराघरांत बालपणापासूनच होतात. तथापि तिथी कशी ठरते, हे जाणणारे थोडेच.

चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमी-अधिक होते. त्यामुळे तिथी गजाने मोजलेल्या कापडासारखी एकाच मापाची नसते. ती सुमारे 19 ते 26 तासांची असते. सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची मानतात. दोन सूर्योदयांना तीच तिथी असल्यास वृद्धी आणि एकाही सूर्योदयाला नसल्यास क्षय होतो. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे, तर सौरवर्ष 365 दिवसांचे. हा जमाखर्च जुळविण्यासाठी अधिक मास येतो. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला.

पर्वतिथीच्या क्षय-वृद्धीच्या वेळी आराधना कोणत्या दिवशी करावी, याविषयी परंपरांत मतभेद आहेत. क्वचित एकाच घरात सासूबाईंचा उपवास आज, तर सूनबाईंचा उद्या असतो. अशा वेळी गणित वेगळे असले तरी श्रद्धा एकच आहे, याचे भान सुटता कामा नये. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजात तिथीवरून अबोला धरला जावा, याहून मोठा विरोधाभास कोणता?

आता मुहूर्ताविषयी. घटिका 24 मिनिटांची. दोन घटिकांचा एक मुहूर्त आणि 30 मुहूर्तांचे एक अहोरात्र. व्यापारी चौघडिया पाहतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग म्हणजे दिवसाचे चौघडिये. त्यांतील शुभ, लाभ व अमृत हे इष्ट मानतात. उद्वेग, रोग व काळ हे वर्ज्य. तर चल हा मध्यम. मात्र मुंबई व नागपूर यांच्या सूर्योदयात सुमारे 25 मिनिटांचे, म्हणजे जवळजवळ एका घटिकेचे अंतर पडते. म्हणून एका गावचा चौघडिया दुसऱ्या गावी जसाच्या तसा लागू होत नाही.

मुहूर्ताचे हेच 48 मिनिटांचे माप सामायिकाचे आहे. नवकारशीचे पच्चक्खाणही सूर्योदयानंतर एवढ्याच काळाने पारतात. दुकानाच्या उद्घाटनासाठी लाभाची वेळ शोधणाऱ्याने दिवसातील 30 मुहूर्तांपैकी एक तरी सामायिकासाठी राखून ठेवला आहे काय? उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना एका समयाचाही प्रमाद न करण्याचा उपदेश केला आहे. ‘समय’ हे जैन कालगणनेतील सर्वांत सूक्ष्म माप होय.

पंचांग वेळ दाखविते. तिचे सोने करणे ज्याच्या-त्याच्या हाती असते. ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरात समतेचा एक मुहूर्त नित्य साधला जावो, हीच मंगलकामना.

जय जिनेंद्र!