अडुळसा : गुण आणि मर्यादा
(नभोवाणीवरील भाषण)



गिरगांवांतील वाड्यांच्या अंगणांत तुळशीला वृंदावन मिळालें. अडुळशाच्या वांट्याला मात्र बहुधा कुंपणच आलें. त्याच्या कडू पानांना शेळ्यामेंढ्या तोंड लावीत नाहींत, म्हणून त्याची वई घालतात. तमिळ भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘शेळी न शिवणारा’ असा आहे. परंतु घरांत कुणाला खोकला झाला, म्हणजे याच उपेक्षित झुडुपाकडे गृहिणीचा हात वळतो. त्याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अडुळशाचीं पानें लांबट व टोकदार असतात. फुलें पांढरीं, दोन ओठांचीं आणि आंत जांभळट रेघा असलेलीं. जबडा उघडावा तशा या आकारावरून संस्कृतांत त्याला ‘सिंहास्य’ म्हटलें आहे. ‘वासा’ हें त्याचें अधिक रूढ नांव. पावसाळ्यांत फांदी खोंचली कीं रुजते, आणि दादरच्या एखाद्या गॅलरींतील कुंडींतहि हें झाड सुखानें नांदतें.

त्याच्या पानांतून रस सहजासहजीं निघत नाहीं. म्हणून वैद्य पानांच्या वाटलेल्या गोळ्याला दुसऱ्या पानांत गुंडाळतात, वरून मातीचा लेप देतात, तो विस्तवांत भाजतात आणि मग रस पिळून घेतात. याला पुटपाक म्हणतात. घरोघरींची रीत सोपी आहे. पानें धुऊन चिरावयाचीं, जेष्ठमधाच्या तुकड्यासह पाण्यांत उकळावयाचीं, काढा गाळून त्यांत खडीसाखर किंवा मध घालावयाचा. छातींत घट्ट बसलेला कफ त्यानें सुटतो.

हा केवळ समज नव्हे. या पानांत वासिसीन नांवाचें द्रव्य आहे. त्याच्याच धर्तीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रसायनशास्त्रज्ञांनीं ब्रोमहेक्झीन हें कफ पातळ करणारें औषध तयार केलें. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर तें नांव आढळेल. आजीचा काढा आणि ती बाटली यांचें नातें असें जवळचें आहे.

वनस्पतींवरील प्रेम आणि त्यांची परीक्षा या दोन्ही गोष्टी मुंबईला नव्या नाहींत. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं मेजर बसु यांच्यासमवेत हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर रचलेला ग्रंथ, कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ति सिद्ध करणाऱ्यांत फादर कायुस व डॉ. म्हसकर हे होते. याच दोघांनीं परळच्या हाफकिन संस्थेंत, सर्पदंशावर गुणकारी म्हणून नांवाजलेल्या तीनशेंहून अधिक वनस्पती तपासल्या. एकहि विषावर उतारा ठरली नाहीं, आणि हा निष्कर्ष त्यांनीं १९३१ सालीं आडपडदा न ठेवतां छापला. 

अडुळशालाहि आपण तीच कसोटी लाविली पाहिजे. जगण्याची आशा आहे आणि अडुळसा हाताशीं आहे, तोंवर क्षयी माणसानें खचूं नये, असें जुने वैद्य म्हणत. दुसरा उपाय नव्हता त्या काळीं हा केवढा दिलासा! परंतु क्षयाचे जंतु कॉखनें १८८२ सालीं दाखविले, आणि १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यावर त्या जंतूंना मारणारीं औषधें एकामागून एक हातीं आलीं. अडुळसा कफ सोडवितो. त्या जंतूंचा नायनाट तो करीत नाहीं.

माझे एक चुलते लालबागच्या चाळींत राहात व गिरणींत कार्डिंग खात्यांत काम करीत. १९७४ सालीं त्यांना खोकला जडला. कापसाच्या तुसानें गिरणींत सगळेच खोकतात, असें म्हणून आम्हीं तो मनावर घेतला नाहीं. काकू रोज अडुळशाचा काढा करी. काढ्यानें कफ सुटे, रात्री झोंप लागे, आणि सगळ्यांना वाटे, उतार पडतो आहे. असे चार महिने गेले. मग एके सकाळीं थुंकींत रक्त दिसलें. शिवडीच्या क्षयरुग्णालयांतील उपचारांनीं काका वांचले. पण जिना चढतांना त्यांना मजल्यामजल्यावर थांबावें लागे, तें अखेरपर्यंत. काकूनें कुंडींतलें झाड उपटलें नाहीं. “तें खोटं नव्हतं, आपणच त्याच्यावर भलता भार घातला,” एवढेंच ती म्हणे.

म्हणून विनंति इतकीच. साध्या पडशाच्या खोकल्याला काढा अवश्य द्यावा. गर्भवती स्त्रीला अडुळसा देऊं नये, कारण त्यानें गर्भाशय आकुंचन पावण्याचें भय असतें. वर्षाच्या आंतील बालकाला मध चाटवूं नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बारीक ताप राहूं लागला, वजन घटूं लागलें किंवा थुंकींत रक्त दिसलें, तर विनाविलंब थुंकी तपासून घ्यावी. सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत क्षयाची तपासणी आणि औषधें विनामूल्य मिळतात, आणि नेमानें घेतलेल्या औषधांनीं बहुतेक रोगी सहा महिन्यांत बरे होतात.

कुंडींतला अडुळसा जपावा. पण काढा उकळीत ठेवतांना, खोकल्याचा हा कितवा दिवस, एवढें मात्र बोटांवर मोजावें.