बायोसची कोणती आवृत्ती घ्यावी?



घरचा संगणक कामाच्या मध्येच हँग होऊ लागला, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, बायोसची सगळ्यात नवी आवृत्ती टाकून द्या. दुसरा म्हणतो, बायोसला हातच लावू नका. दोन्ही सल्ल्यांत एक उणीव आहे, ती म्हणजे दोघेही कारण विचारत नाहीत. मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये राहणारा बायोस हा प्रोग्राम विंडोजच्या आधी जागा होतो, प्रोसेसर आणि मेमरी ओळखतो, कोणाला किती व्होल्टेज द्यायचे ते ठरवतो. प्रोसेसर कंपनीने दिलेला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या सूचना, याही त्याच्याच सोबत येतात. त्यामुळे बिघाडाचे मूळ कधी कधी खरोखर इथे असते. पण ते सैल बसलेल्या रॅममध्ये, थकलेल्या एसएमपीएसमध्ये किंवा पंख्यात साचलेल्या धुळीतही असू शकते, आणि तिथे बायोसची कोणतीच आवृत्ती कामाला येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की आवृत्ती निवडायची ती तिच्या तारखेवरून नव्हे, तर ती आपल्या यंत्रातला कोणता दोष दुरुस्त करते यावरून.

नवे ते चांगलेच, या समजुतीला २०१८ सालचा जानेवारी महिना पुरेसे उत्तर देतो. स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी तेव्हा उघड झाली आणि तिच्यावर घाईने मायक्रोकोड आला. तो बसवल्यावर अनेक संगणक आपोआप रिस्टार्ट होऊ लागले, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच तो बसवणे थांबवा असे सांगितले. ज्यांनी चार आठवडे वाट पाहिली त्यांचा यात तोटा झाला नाही. मात्र एवढ्यावरून ‘चालतंय ते चालू द्या’ हा दुसरा पक्ष खरा ठरत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी बऱ्याच मॉडेलांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यावर ०एक्स१२९ आणि पुढच्याच महिन्यात ०एक्स१२बी हा मायक्रोकोड आला. इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. तसेच २०२३मध्ये एएमडीच्या काही रायझन ७००० प्रोसेसर जळण्याचे प्रकार झाले, तेव्हा नव्या बायोसने एसओसी या प्रोसेसरमधल्या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. अशा वेळी संगणक वरून धडधाकट दिसतो म्हणून थांबणे महागात पडते.

कोणी म्हणेल, नवी आवृत्ती टाकून पाहू, नाही जमली तर जुनी परत घेऊ. पण काही बोर्ड मागे जाऊच देत नाहीत, आणि प्रत्येक अपडेट हा जोखमीचा व्यवहार असतो. चिपवर लिहिणे चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड बंद पडू शकतो. फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड पेनड्राइव्हवरून पुन्हा उभा करता येतो, पण ते बटण सगळ्यांवर नसते. उदाहरणार्थ, सिन्नरमध्ये मुसळगाव-माळेगावच्या औद्योगिक वसाहतींत छोटे वर्कशॉप चालवणाऱ्याच्या घरी एकाच संगणकावर जीएसटीचा हिशेब, जॉबची ड्रॉइंग आणि मुलांचा अभ्यास चालतो. तिथे वेग थोडा कमी चालेल, बंद पडलेले यंत्र चालणार नाही. म्हणून वळवाच्या पावसाचा दिवस टाळावा आणि यूपीएस लावूनच काम करावे. साध्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये. वीज जाताना तो बॅटरीवर येईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद होऊ शकतो.

आता निवड कशी करावी? विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सध्याची आवृत्ती दिसते. मदरबोर्डचे मॉडेल आणि बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक नीट जुळवून घ्यावा, कारण नावात साम्य असले तरी फाइल वेगळी असू शकते. कंपनीच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीखाली तिने काय बदलले ते लिहिलेले असते. तिथे सुरक्षेची दुरुस्ती, व्होल्टेजची दुरुस्ती, आपल्याला बसवायच्या नव्या प्रोसेसरचा आधार किंवा आपल्याला जाणवणाऱ्याच दोषाचा उल्लेख असेल, तर अपडेट करावे. बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मात्र सोडून द्यावी. साइटवरच्या या नोंदी त्रोटक असतात, हा आक्षेप रास्त आहे. ‘स्थिरता वाढवली’ एवढेच लिहिलेले असेल आणि आपले यंत्र नीट चालत असेल, तर थोडे थांबावे. थांबण्याला अपवाद एकच: आपल्या प्रोसेसरला इजा होऊ शकते असे त्याच्या कंपनीनेच सांगितले असेल, तर त्याच आठवड्यात अपडेट उरकावे. कोणत्याही अपडेटआधी फाइलींची प्रत काढावी, ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, आणि नंतर मेमरीची सेटिंग पुन्हा तपासावी, कारण अपडेटनंतर ती बहुधा मूळ स्थितीला जाते. एवढे पाहूनही अपडेट करण्याचे कारण एका वाक्यात सांगता येत नसेल, तर सध्याचीच आवृत्ती आपल्यासाठी योग्य समजावी.