विरजणाची वाटी



अमेरिकेतील विख्यात जॅझ-पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांना लाभलेल्या मानसन्मानांचा परामर्श घ्यावा आणि संगीतशिक्षणाला त्यांनी दिलेल्या आश्रयाविषयीही चार शब्द बोलावेत, असे फर्मान मला आले आहे, आणि त्यासाठी दहा मिनिटांची मुदत मुक्रर झाली आहे. फर्मानाचा पूर्वार्ध मी आधी उरकून टाकतो. १९९४ साली राष्ट्रीय कलापदक, १९९६ साली ग्रॅमीचा जीवनगौरव, १९९९ साली ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय किताब, आणि २००९ सालच्या ६ डिसेंबरला, म्हणजे नेमक्या त्यांच्या ८९व्या वाढदिवशी, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचा सन्मान. पुढे तीन वर्षांनी, ९२वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, ते निवर्तले. यादी संपली.

यादीतली एक नोंद मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती. १९५४ सालच्या नोव्हेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्रूबेक यांचे चित्र छापून आले. ते त्या वेळी ज्येष्ठ जॅझ-संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्यासमवेत दौऱ्यावर होते, आणि सकाळी हॉटेलातल्या खोलीचे दार वाजले म्हणून उघडून पाहतात तो, तो अंक हाती घेऊन स्वतः एलिंग्टनच अभिनंदनाला उभे! ब्रूबेक यांना आनंदाऐवजी संकोच वाटला, कारण हा मान आधी एलिंग्टन यांचा आहे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. एलिंग्टन यांच्या वाट्याला ते मुखपृष्ठ १९५६ साली आले. सन्मानांना ज्येष्ठताक्रम कळत नाही, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे. मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी.

आपल्या घरी श्रीखंडाचा बेत असला म्हणजे पाहुणे मंडळी केशराची तारीफ करतात, वेलदोड्याची करतात, चक्का कसा मऊसूत फेटला आहे त्याची करतात; परंतु ज्या गृहिणीने आदल्या दिवशीच्या दह्यातले चमचाभर दही न विसरता एका लहानशा वाटीत बाजूला काढून ठेवले आणि रात्री निजण्यापूर्वी ते कोमट दुधाला लावले, तिच्या त्या वाटीची चौकशी पंक्तीतला एकही मनुष्य करीत नाही. कलावंताचे सन्मान म्हणजे ही पंक्तीतली तारीफ. माझी चौकशी वाटीची आहे. अमक्या वादकाला किती पदके मिळाली हे मला सांगू नका. त्याच्यासाठी विरजण कोणी ठेवले होते आणि त्याने पुढच्यांसाठी कोठे ठेवले, तेवढे सांगा.

ब्रूबेक यांच्या बाबतीत हा शोध फार मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या मुलाचे वडील गुरांच्या मोठ्या कुरणाचे व्यवस्थापक, आणि आई पियानो शिकविणारी, इंग्लंडात मायरा हेस या पियानोवादिकेपाशी शिकून आलेली. मुलाची दृष्टी जन्मतःच अधू होती, म्हणून म्हणा की कान अतिशय तल्लख होता म्हणून म्हणा, त्याने स्वरलिपी वाचण्याचे टाळले आणि समोरच्या कागदाकडे पाहून वाजवीत असल्याचे सोंग आईपुढेही बेमालूम वठविले. पशुवैद्य होऊन वडिलांच्या कामी यावे म्हणून तो स्टॉक्टनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये दाखल झाला. पण तिथल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनीच त्याचे चित्त ओळखून त्याला हिरवळीपलीकडच्या संगीत विभागाची वाट दाखविली. शेवटच्या वर्षी मात्र या विद्यार्थ्याला स्वरलिपी वाचताच येत नाही, ही गोष्ट उघडकीस आली. नियमाप्रमाणे पदवी नामंजूर व्हायची! त्या वेळी स्वरसंवाद शिकविणाऱ्या अध्यापकांनी त्याच्या असामान्य प्रतिभेची ग्वाही देऊन रदबदली केली, आणि अधिष्ठात्यांनी १९४२ साली त्याला पदवी दिली, ती एका अटीवर, की आपण पियानो शिकविण्याचा धंदा कधीही करणार नाही, असे वचन त्याने द्यावे. मुचलकाच म्हणा ना!

या मुचलक्याला हसण्यापूर्वी एक लक्षात घ्या, की अधिष्ठात्यांनी दूध फेकून दिले नाही. विरजण लावण्याचे शास्त्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. दूध फार तापलेले चालत नाही, गार चालत नाही, आणि एकदा लावल्यावर भांडे हलवायचे नसते. आमची संगीतशिक्षणाची व्यवस्था मात्र दर सहा महिन्यांनी झाकण काढून, भांडे हलवून, दही लागले की नाही हे बोट घालून पाहते, त्या पाहण्याला परीक्षा म्हणते आणि त्याचा दाखला देते. स्टॉक्टनच्या त्या अध्यापकांनी भांडे हलविले नाही, हे त्यांचे मोठे पुण्य.

याचा अर्थ स्वरलिपी निरुपयोगी आहे, असा कोणी काढू नये. गोव्यातील चर्चच्या शाळांतून ज्यांनी लहानपणी स्वरलिपी गिरविली, त्या गोमंतकीय वादकांवाचून मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभाच राहिला नसता. ब्रूबेक स्वतःही युद्धातून परतल्यावर, निवृत्त सैनिकांना सरकार देत असलेल्या शिक्षणसाहाय्याच्या बळावर, ओकलंडच्या मिल्स कॉलेजात दारियूस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे रीतसर रचनाशास्त्र शिकले. त्या गुरूने, अभिजात संगीतात शिरायचे तर जॅझ सोड, असे शिष्याला सांगितले नाही. उलट तेच जवळ धरायला सांगितले. आणि शिष्याने आपल्या थोरल्या मुलाचे नाव दारियूस ठेवले. हा मुलगा ध्यानात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

आता ‘टेक फाइव्ह’. ‘टाइम आउट’ या १९५९ सालच्या ध्वनिमुद्रिकेतली ही रचना, पॉल डेझमंड या सॅक्सोफोनवादकाची. ब्रूबेक यांची नव्हे, जरी लोक त्यांच्याच नावावर मांडतात. पाच मात्रांचे आवर्तन, तीन आणि दोन असे विभागलेले. पाश्चात्त्य श्रोत्याला त्यात लंगडेपणा वाटण्याचा संभव होता, म्हणून ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी धास्तावली होती. आपल्याकडील झपताल ऐकलेल्या मनुष्याला, त्याच्या दोन-तीनच्या अर्ध्या आवर्तनाची उलट मांडणी एवढेच जाणवेल. १९५८ साली ब्रूबेक आपल्या मंडळींसह सरकारी दौऱ्यावर निघाले असता मुंबईलाही आले होते आणि इथे सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वाजवायला बसले होते. त्या बैठकीविषयी पुष्कळ बोलता येईल, पण घड्याळ तसे करू देणार नाही. डेझमंड यांनी मृत्युपत्रान्वये या रचनेचे मानधन अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकले, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

मूळ मुद्द्यावर येतो. पंगतीची तारीफ नव्हे, वाटी. ज्या संस्थेने ‘शिकवू नकोस’ या अटीवर पदवी दिली, त्याच संस्थेत, म्हणजे आताच्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकमध्ये, २००० साली ब्रूबेक इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि निवडक तरुण वादकांना तेथे शिष्यवृत्ती देऊन ठेवून घेण्याची तजवीज झाली. मोजकेच विद्यार्थी. खोगीरभरती नाही. आणि तो थोरला मुलगा, दारियूस, १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या नाताळ विद्यापीठात गेला, आणि वर्णभेदाचा कायदा जारी असताना त्याने तिथे जॅझचा पदवी अभ्यासक्रम उभा केला. कोणत्या दुधाला कोठले विरजण लागले, पाहा! डर्बनच्या त्या वर्गात काळे आणि गोरे विद्यार्थी एकत्र वाजवीत होते, ही गोष्टच एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, आणि बाप-लेकांमध्ये संगीतशिक्षणाविषयी काय बोलणे होत असेल, हे तर... पण ते राहू द्या.

आपल्याकडे हे कोणी केले नाही, असे नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे मुंबईस आणले, शिष्यांना पदरी ठेवून शिकविले, आणि त्यापायी झालेल्या कर्जात मुंबईची इमारत लिलावात गेली. इमारत गेली, परंतु ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर मास्तर, हे त्या वाटीतूनच निघाले. सन्मानपत्रांच्या जमाखर्चात हे विरजण कोठल्याही बाजूला दिसत नाही. हेच मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे, आणि आपल्याला कंटाळा आला असेल तरी एकवार आणखी सांगेन.

कारण आज आपल्या कितीतरी शाळांतून एक पेटी असते. ती कपाटात कुलूपबंद असते, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला बाहेर निघते, आणि मुलांनी हात लावू नये म्हणून तिसऱ्या प्रहरी परत आत जाते. एखाद्या थोर वादकाचा सत्कार ठरला म्हणजे हीच शाळा मुलांना रांगेने टाळ्या वाजवायला नेते. शाल, श्रीफळ, मानपत्र. स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट वर झाले आहे, अर्धे मिनिट उरले. तेव्हा जे मुख्याध्यापक हे ऐकत असतील, त्यांना एवढीच विनंती, की कपाटाची किल्ली शिपायाकडून घेऊन मधल्या सुट्टीत पेटी बाहेर काढून ठेवावी. एखादा भाता फाटेल. दुरुस्तीचा खर्च किरकोळ खात्यात मंजूर होतो, त्याकरिता वरिष्ठांच्या हुकमाची गरज नाही.