परकीय भाषा, परकी माणसे आणि आपले विद्यार्थी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील व्याख्यान)



महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने जर्मन वा जपानी शिकावे असा विषय निघाला की, घरातील वडीलधारी मंडळी सहसा एकच प्रश्न विचारतात, “त्याचा उपयोग काय ?” प्रश्न रास्त आहे. व्यापारी समाजाने तो विचारलाच पाहिजे. परंतु कनेरगाव नाक्याच्या भूमीवर उभे राहून तो विचारताना या गावाचा पूर्वेतिहास थोडा आठवावा लागतो.

हिंगोली-वाशीम मार्गावरील हे गाव म्हणजे पैनगंगेच्या काठचा सरहद्दीचा मुलूख. १९४८ पूर्वी अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब पडे. अलीकडे महसूल आणि न्यायालयाची भाषा उर्दू, पलीकडे कचेरीत मराठी व इंग्रजी. अशा ठिकाणी दुकान चालविणाऱ्यास घरात मारवाडी वा गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, वहीसाठी मोडी किंवा महाजनी आणि सरकारी कागदासाठी उर्दू, एवढे सारे थोडेथोडे तरी सांभाळावे लागे. त्यास कोणी बहुभाषिक पंडित म्हणत नसे. तो व्यवहार होता.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. मराठवाड्यातील ज्या मराठीभाषक मुलांनी उर्दू आत्मसात केली, त्यांना वकिली, तहसील, शाळाखाते यांची दारे उघडली. ज्यांनी केली नाही त्यांना ती बंद राहिली. पुढे १९४८ च्या मुक्तीनंतर चित्र पालटले आणि उर्दूच्या जागी इंग्रजी व मराठी आल्या. भाषेलाही बाजारभाव असतो आणि तो राज्यकारभाराबरोबर चढतो-उतरतो, हे या भागाने एका पिढीतच अनुभवले आहे.

समाजापुरते बोलायचे तर श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे उदाहरण पुरेसे आहे. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेतील त्यांचे भाषण सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधीची त्यांची तयारी मात्र फारशी सांगितली जात नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते पदवीधर झाले. सम्मेद शिखरजीच्या प्रकरणात जुने दस्तऐवज बंगालीत होते. दुभाष्यावर विसंबून न राहता हा तरुण कलकत्त्यास जाऊन राहिला, बंगाली शिकला आणि कागद स्वतः वाचून लढला. उलट बाजूने पाहावे तर हर्मन याकोबी हे जर्मन विद्वान प्राकृत शिकले आणि १८८४ मध्ये त्यांनी आचारांग व कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, ही गोष्ट पाश्चात्त्य विद्वानांच्या गळी उतरविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एक जर्मन गृहस्थ अर्धमागधीचे व्याकरण शिकू शकतो, तर वाशीम-हिंगोलीचा पदवीधर जर्मन का शिकू शकणार नाही ?

आता रोकड्या व्यवहाराकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी दरवर्षीच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत व जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात भारतातून जाणाऱ्या ५०,००० कुशल व्यक्तींचा समावेश आहे. करार झाला म्हणजे नोकरी हाती आली असे नव्हे. पण या साऱ्यांत अडसर एकच, भाषा. नर्सिंगची पदवी कितीही उत्तम असली तरी जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास सर्वसाधारणपणे ‘बी-२’ पातळीची जर्मन लागते.

ही पातळी म्हणजे काय ? युरोपीय भाषांसाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. शून्यापासून बी-२ पर्यंत जाण्यास ४५ मिनिटांच्या सुमारे सहाशे ते आठशे तासिका लागतात. रोज एक तासिका धरली तर दोन वर्षांचे काम झाले. म्हणजेच बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी सुरुवात करणारा विद्यार्थी पदवीबरोबर भाषाही पदरात पाडून घेऊ शकतो. पदवीनंतर सुरुवात करणाऱ्याची मात्र दोन वर्षे वेगळी जातात. जपानीची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जाते.

परदेशी जायचेच नसेल तरी काय बिघडते ? पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयांत युरोपातील बिले, देयके, हिशेब तपासण्याचे काम चालते. तेथे बी.कॉम. पुष्कळ मिळतात, जर्मन किंवा फ्रेंच जाणणारा बी.कॉम. विरळा. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. कापड उद्योगात तर इचलकरंजीच्या शटललेस मागांकडे पाहावे. पिकानोल बेल्जियमचा, डॉर्नियर जर्मनीचा, त्सुदाकोमा आणि टोयोटा जपानचे. माग बंद पडला की दिवसाचे उत्पादन बुडते, आणि कंपनीच्या तंत्रज्ञाशी थेट बोलू शकणारा माणूस त्या दिवशी मालकाइतकाच मोलाचा ठरतो.

मात्र शब्द पाठ केले म्हणजे माणसे कळली असे होत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक “बघू” म्हणून उठले की दुकानदार समजून जातो, ठाण घडी करून ठेवायला हरकत नाही. जपानी माणूस संभाषणात वारंवार “हाय” म्हणतो; त्याचा अर्थ पुष्कळदा “ऐकतो आहे” एवढाच असतो, “मान्य आहे” असा नव्हे. व्हिजिटिंग कार्ड तो दोन्ही हातांनी देतो व घेतो. ते न वाचता खिशात कोंबणे त्यास अपमान वाटतो. जर्मन माणूस याच्या उलट. माल पसंत नसेल तर तोंडावर सांगेल, त्यात राग नसतो. दहाची वेळ म्हणजे दहा, आणि नव्या ओळखीत एकदम एकेरीवर आलेले त्यास खपत नाही. उशीर होणार असेल तर आधी कळवावे आणि जमणार नसेल तर “करू या” न म्हणता स्पष्ट नाही म्हणावे, या दोन सवयी लावून घेतल्या तरी मुलाखतीत निम्मे काम होते.

मातापित्यांची खरी धास्ती वेगळीच असते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. मुलगा किंवा मुलगी परमुलखात खाणार काय ? कांदा-बटाटा न खाणाऱ्या घरातील मूल बटाट्याच्या देशात राहणार कसे ? येथेच भाषा सर्वाधिक उपयोगी पडते. जपानात भाज्यांचे म्हणून दिलेल्या सूपमध्येही पुष्कळदा ‘दाशी’ नावाचा माशांचा अर्क असतो. ज्यास हा शब्द ठाऊक आहे तो विचारून घेतो. ज्यास नाही तो अजाणता नियम मोडतो. आपला आचार चार वाक्यांत, समोरच्यास न दुखविता समजावून सांगता येणे हेही एक कौशल्यच होय. वीरचंदजींना अमेरिकेत दुसरे काय करावे लागले ?

शिकायचे कोठे ? पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग नावारूपास आला. मॅक्सम्युलर भवन पुण्यात व मुंबईत आहे. हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ तर हिंगोलीकरांना रेल्वेने सोयीचे आहे. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी दूरस्थ वर्गही आता आहेत. मुलीला एवढ्या लांब कसे पाठवावे, या अडचणीवर तूर्त हा चांगला उपाय दिसतो.

एक सावधगिरी. “भाषेची गरज नाही, आधी दोन लाख भरा, व्हिसा आम्ही आणतो,” असे सांगणारे दलाल सर्वत्र फिरत आहेत. परदेशी नोकरीस पाठविणाऱ्या एजंटास परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. त्याची नोंदणी शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. ती पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. मोबाईल भाषांतर करतो म्हणून शिकणे टाळणाऱ्यांनीही एवढे लक्षात घ्यावे की, परीक्षागृहात मोबाईल बाहेर ठेवावा लागतो.

समाजातील संस्थांनी शिष्यवृत्तीच्या अर्जात पदवीबरोबर भाषेच्या परीक्षेचाही रकाना ठेवावा. फी आधी न देता, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखविल्यावर परीक्षा शुल्क परत करावे. जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा असते व अर्ज काही महिने अगोदर भरावे लागतात. डिसेंबरला बसू इच्छिणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीतच वर्गात नाव घालावे.