मोटारीची वाढीव हमी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर मुलांचे शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर भाषणे होत आली. यंदा मोटारीविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस का केली, हे बाहेरच्या पटांगणाकडे पाहिले म्हणजे कळते. कर्जाऊ का होईना, गाडी आता पुष्कळ घरांत आली आहे. हप्त्याचा हिशेब आपण चोख ठेवतो; दुरुस्तीचा मात्र क्वचितच कोणी करतो.

नव्या गाडीस कारखानदार ठराविक वर्षांची व किलोमीटरची हमी देतो. दोहोंपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, तेथे ती संपते. ती पुढे चालावी म्हणून जादा पैसे भरून घ्यावयाची ती वाढीव हमी, म्हणजेच एक्स्टेंडेड वॉरंटी. बहुधा मूळ हमी संपण्यापूर्वीच ती घ्यावी लागते. पुष्कळ मंडळी तिला विमा समजतात. वस्तुतः अपघात, चोरी ही विम्याची बाब. यंत्र आतील दोषाने बिघडले तर ती हमीची. ब्रेकपॅड, क्लचप्लेट यांची नेहमीची झीज दोहोंतही बसत नाही.

पावसाळ्याचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ चा मुंबईतील प्रलय आपणांपैकी अनेकांनी अनुभवला आहे. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरविली की पाणी सिलिंडरमध्ये शिरते. ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतील कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च हमी देत नाही आणि साधा विमाही सहसा देत नाही. त्यासाठी विम्याबरोबर इंजिन प्रोटेक्शनची निराळी जोड घ्यावी लागते. आणि ती असली तरी किल्लीस हात लावू नये, हे उत्तम!

आता आमचीच फजिती सांगतो. आम्ही वाढीव हमी घेतली होती. चौथ्या वर्षी ऐन मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. आम्ही निर्धास्तपणे कागद पुढे केला, तो नाकारण्यात आला. कारण एवढेच की, एक सर्व्हिसिंग आम्ही गणपतीला गावी गेलो असतांना ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घेतले होते. तेथे वाचले दोन हजार. येथे गेले चिरंजीवांच्या फीसाठी बाजूस ठेवलेले सारे पैसे. आम्ही बराच वेळ भांडलो. घरी येऊन पुस्तिका उघडली, तो अट स्वच्छ छापलेली! मिस्त्रीच्या कामात काडीचाही दोष नव्हता, हे मात्र सांगितले पाहिजे.

तरीही ही हमी निरुपयोगी आहे, असे आमचे मत नाही. तीन वर्षांत गाडी विकणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. सात-आठ वर्षे गाडी ठेवणाऱ्याने, विशेषतः ती ऑटोमॅटिक असल्यास, अवश्य विचार करावा. गिअरबॉक्सचे एक काम हमीच्या रकमेहून कितीतरी अधिक खर्चाचे ठरू शकते. जुन्या गाडीच्या मालकाने तेवढेच पैसे दरमहा आवर्ती ठेवीत टाकावेत. मात्र विक्रेत्याने घाई केली म्हणून सही करू नये. काय वगळले आहे, सर्व्हिसिंग कोठे करावयाचे, गाडी विकल्यास हमी नव्या मालकाच्या नावे होते काय, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. नियमांत बसणारा दावा कोणी नाकारलाच, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पंगतीस अद्याप अर्धा तास अवकाश आहे. ज्यांच्या गाडीत हमीची पुस्तिका असेल त्यांनी ती घेऊन यावे. आम्ही वाचनालयात चष्मा लावून बसलो आहोत.